लालबागेतून लोमेनला, पायी

बेंगळुरूच्या लालबागेजवळ क्रुम्बिगेल रोड नावाचा एक लहानसा रस्ता आहे. हे नाव कानडीही नाही आणि इंग्रजीही नाही, त्यामुळे बेंगळुरूत नव्यानं राहायला आलेला मराठी माणूस त्या पाटीपाशी हमखास थबकतो. पुढे कधीतरी त्याला कळतं की दरवर्षी एकामागून एक फुलत जाणारी इथली रस्त्याकडेची झाडं, म्हणजे ताबेबुया, जॅकरांडा, गुलमोहर, बऱ्याच अंशी या नावाच्या माणसाच्या विचारातून उभी राहिली.

गुस्टाव हेर्मान क्रुम्बिगेल यांचा जन्म 1865 चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या लोमेन या गावातला. ते बागकाम शिकले पिलनित्झला, एल्ब नदीकाठी, आणि पुढे त्यांनी काम केलं लंडनच्या क्यू बागेत. तिथून 1893 मध्ये ते थेट बेंगळुरूला आले नाहीत, आधी बडोद्याला आले, सयाजीराव गायकवाडांच्या पदरी. मला या चरित्रातला हा टप्पा सर्वांत जवळचा वाटतो. बेंगळुरूच्या झाडांची वाट एका मराठी राजाच्या दरबारातून गेली आहे. 1908 मध्ये ते लालबागेत रुजू झाले, 1932 मध्ये निवृत्त झाले आणि 1956 मध्ये याच शहरात त्यांनी देह ठेवला.

लोमेन कुठे आहे हे पाहायला नकाशा उघडला, आणि आमच्या सुट्टीचा प्रश्नच सुटला. गाव सॅक्सन स्वित्झर्लंड राष्ट्रीय उद्यानाच्या उंबरठ्यावर आहे. बास्टायचे प्रसिद्ध सुळके आणि त्यांना जोडणारा 1851 चा दगडी पूल तिथून काही किलोमीटरांवर.

घरात एकच अट ठरली, भाड्याची मोटार घ्यायची नाही. त्यामागे काटकसर होती, पण ते मुख्य कारण नव्हतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चालणं आणि एसटी वेगळी काढता येत नाहीत. शनिवारी संध्याकाळी मुक्कामी गाडीनं पायथ्याचं गाव गाठायचं, रात्री देवळात पथारी टाकायची आणि उजाडताच वाटेला लागायचं. लोकलनं लोणावळ्याला उतरून राजमाचीवरून कोंदिवड्याला उतरायचं आणि कर्जतहून परतायचं. किंवा खांडसहून शिडीघाटानं भीमाशंकर चढायचं आणि वरून पुण्याची एसटी धरायची. या वाटा आपल्या पिढ्यांना ठाऊक आहेत, आणि त्या मोटारीनं होतच नाहीत, कारण जिथे गाडी लावली तिथे परत यावंच लागतं. मोटारवाला डोंगराला वळसा घालून येतो, एसटीवाला डोंगर ओलांडतो. सुट्टी आखताना मला पाहायचं होतं ते एवढंच की जर्मनीत डोंगर ओलांडता येतो का.

येतो, आणि त्याचं कारण नदी आहे. एल्ब इथे वालुकाश्माचं पठार कापत वळणावळणानं जाते. तिच्या डाव्या काठानं ड्रेस्डेनची उपनगरी गाडी एस-1 धावते, पिर्ना, वेलेन, राटेन, बाड शांडाऊ, श्मिल्का असं करत. उद्यान मात्र उजव्या काठाला आहे, आणि तेही दोन तुकड्यांत. पूर्व जर्मनीच्या अगदी शेवटच्या आठवड्यांत, 1990 च्या सप्टेंबरात, त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ जेमतेम 93 चौरस किलोमीटर. गाडी एका काठाला आणि जंगल दुसऱ्या, मग मधे होडी आलीच. म्हणून स्टेशनांसमोर नावा चालतात. राटेनची नाव मला फार आवडली. तिला इंजिन नाही. नदीत वरच्या अंगाला नांगरलेल्या लांब तारेला ती बांधलेली असते. नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी धरतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलत नेतं. राष्ट्रीय उद्यानात शिरण्याची याहून शांत रीत मला माहीत नाही.

आराखड्यातला सर्वांत चांगला दिवस असा बसला. सकाळी बाड शांडाऊहून किर्निच खोऱ्यातली ट्राम धरायची. 1898 पासून ती जंगलाच्या कडेनं धावते आहे, सुमारे आठ किलोमीटर, लिख्टेनहाइनच्या धबधब्यापर्यंत. तिथून चढ सुरू होतो, आणि लवकरच कूश्टाल लागतं. या नावाचा अर्थ गायींचा गोठा. तीस वर्षांच्या युद्धात आसपासच्या लोकांनी आपली गुरं इथे लपवली होती, असं सांगतात. आपल्या भाषेत हे सरळ नेढं आहे, डोंगराच्या आरपार गेलेलं, अकरा मीटर उंच. राजगडाच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. पुढे 556 मीटरच्या ग्रोसर विंटरबेर्गवर चढायचं, पलीकडे चेक सीमेजवळच्या श्मिल्काला उतरायचं, नावेनं एल्ब पार करायची आणि एस-1 नं मुक्कामी परतायचं. सकाळी ज्या बाजूनं आत शिरलो, संध्याकाळी जंगलाच्या दुसऱ्याच टोकाला बाहेर.

तिकिटांचा हिशेब मात्र नीट बसवावा लागतो. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालेलं डॉइचलांड-टिकीट जानेवारी 2026 पासून 63 युरो झालं आहे. त्यावर महिनाभर देशभरच्या उपनगरी गाड्या, बस, मेट्रो चालतात, पण लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्या चालत नाहीत. ते मासिक वर्गणीचं असल्यामुळे महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात. दोन महिन्यांच्या सांध्यावर सुट्टी घेऊ नये, एकाच महिन्यात बसवावी. दुसरी सोय मुक्कामाची. बाड शांडाऊसारख्या गावात राहणाऱ्याला यजमान पाहुण्यांचं कार्ड देतात, आणि त्यावर परिसरातल्या बस फुकट. पैसा पर्यटकांनी भरलेल्या करातूनच येतो.

बाकीची तयारी नेहमीचीच. व्हिसासाठी 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बेंगळुरूहून फ्रांकफुर्टला थेट विमान आहे, आणि तिथल्या विमानतळावरूनच ड्रेस्डेनकडे जाणारी आयसीई मिळते.

एक गोष्ट निघण्यापूर्वी अगदी आदल्या दिवशीही पाहायची, ती म्हणजे बंद वाटांची यादी. खोडकिड्यानं इथली स्प्रूसची झाडं मोठ्या प्रमाणावर वाळवली आहेत. 2022 च्या उन्हाळ्यात चेक बाजूनं पेटलेला वणवा या उद्यानातही शिरला. उभी वाळलेली झाडं कधी कोसळतील याचा नेम नाही. उद्यानाच्या गाभ्यात खुणेच्या वाटेबाहेर पाऊल टाकायला मनाई आहे, आणि ती पाळावी.

हे सगळं आखताना मन सारखं बेंगळुरूकडे वळत होतं. मॅजेस्टिकहून 365 क्रमांकाची बस थेट बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाच्या दारात सोडते. एका महानगरातून राष्ट्रीय उद्यानाला शहरबस जाते ही साधी गोष्ट नाही. पण तिथे उतरून जंगलात चालता येत नाही. हत्तींचा प्रदेश आहे, सफारीच्या गाडीतूनच पाहायचं, आणि ते बरोबरच आहे. चालायचं तर कुद्रेमुख. केएसआरटीसीच्या रात्रीच्या बसनं कळसा गाठता येतं, पण तिथून मुळ्ळोडीपर्यंत जीपच करावी लागते. दुसरीकडे, जानेवारी 2024 मध्ये कुमारपर्वतावर एवढी गर्दी लोटली की सरकारनं चढाई काही काळ थांबवली आणि ऑनलाइन परवानगी व रोजच्या संख्येची मर्यादा आणली. मर्यादा हवीच. त्याच विचारानं कुद्रेमुखच्या परवान्याबरोबर कळशाहून सुटणाऱ्या एखाद्या लहान बसचं तिकीटही जोडलं, तर जीपांच्या रांगा कमी होतील आणि एका बाजूनं चढून दुसरीकडे उतरण्याची मुभाही कधीतरी मिळेल. जितके परवाने तितक्या बसमधल्या जागा, हा हिशेब करणं वनखात्याला आणि बस महामंडळाला अवघड नाही.

लालबागेतल्या टेकडीचा दगड सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे. एल्बकाठचा वालुकाश्म त्यामानानं तरुण, साधारण दहा कोटी वर्षांचा. क्रुम्बिगेल यांनी आधी तो तरुण दगड पाहिला आणि मग आयुष्याची अनेक वर्षं या म्हाताऱ्या दगडाच्या सावलीत झाडं लावण्यात घालवली. आम्ही उलटं जाणार आहोत.

एल्बकाठच्या या प्रदेशातल्या मालरवेगचे, म्हणजे चित्रकारांच्या वाटेचे आठ टप्पे आहेत. पहिला टप्पा लीबेटालच्या घळीतून, वेसेनित्झ ओढ्याकाठानं, लोमेनच्या अंगानं जातो आणि वेलेनला एल्बपाशी उतरतो. म्हणून पहिल्या दिवशी ड्रेस्डेनहून एस-1 नं पिर्ना, आणि तिथे सेब्नित्झकडे जाणारी छोटी गाडी धरून लोमेनला उतरायचं. गाव पाहायचं, ओढ्याकडे जायचं आणि मग दिवसभर चालत नदी गाठायची. वेलेनला नाव मिळेल, पलीकडे स्टेशन आहे.