पेंढा खा, पेट्रोल दे!

पुणे-सातारा महामार्गावर खेड-शिवापूरचा टोलनाका मागे पडला की थोड्याच वेळात वरवे बुद्रुक येतं. आजूबाजूला भाताची खाचरं, मधून धाबे आणि रात्रंदिवस न संपणारी ट्रकांची रांग. या पट्ट्यात कुठल्याही पंपावर ५ लिटर पेट्रोल भरा, त्यातलं जवळजवळ १ लिटर इथेनॉल असतं. ते बनवलं कोणी? कारखान्याने नाही, मंत्र्याने तर नाहीच नाही. ते बनवलं डोळ्यांना न दिसणाऱ्या यीस्टने. यीस्ट म्हणजे डिस्टिलरीतला कायम नोकरीतला जुना कामगार. त्याच्या जागेवर डोळा ठेवून जिवाणूंची एक फौज बसली आहे. त्यांच्या उचापती ऐकण्यासारख्या आहेत.

दर ठरलेला, घासाघीस नाही

१ किलो ग्लुकोज आंबवलं तर जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल मिळतं. उरलेले ४८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. हा रसायनशास्त्राचा हिशेब, त्यात कोणाचीही ओळख चालत नाही. प्रत्यक्षात मात्र तेवढंही हाती पडत नाही, कारण सूक्ष्मजीव थोडी साखर स्वतःचं अंग वाढवण्यात खर्च करतात. जनुकं बदलणाऱ्या शास्त्रज्ञांचा निम्मा वेळ ही गळती बुजवण्यातच जातो.

माडीतला राबता जीव

कोकणात माडी आंबते ती एकट्या यीस्टमुळे नव्हे. ताडामाडाच्या रसात झायमोमोनास मोबिलिस नावाचा जिवाणूही सापडतो. १९२०च्या दशकात लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाने तो मेक्सिकोतल्या पुल्के नावाच्या दारूतून वेगळा काढला. एका ग्लुकोजमागे यीस्टला ऊर्जेची २ नाणी मिळतात, याला एकच. त्यामुळे जगायचं तर याला साखर भराभर रिचवावी लागते आणि अंग धरायला फारसं काही उरत नाही. परिणाम असा की कमाल मर्यादेच्या ९७ टक्क्यांपर्यंत इथेनॉल तो काढून देतो.

मग यीस्टला घरी का नाही पाठवत? कारण हा खाण्यापिण्याच्या बाबतीत महा नखरेल. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि आपली साधी साखर, बस. पेंढ्यातून निघणाऱ्या झायलोज नावाच्या साखरेला तो तोंड लावेना. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेने त्याच्यात परकी जनुकं घातली, तेव्हा कुठे झायलोज त्याच्या घशाखाली उतरलं.

पन्नास लाखावं पेटंट

फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉनी इन्ग्रॅम यांनी हीच गोष्ट उलटी केली. झायलोज खायला शिकवण्याचे कष्ट कशाला घ्यायचे? जो आधीपासून सगळ्या साखरा चापतो, त्यालाच दारू गाळायला शिकवू! तो सर्वभक्षी म्हणजे ई. कोलाय. (नाव ऐकून जुलाब आठवतील, पण प्रयोगशाळेत वापरतात ते वाण बहुतेक निरुपद्रवी असतात.) इन्ग्रॅम यांनी झायमोमोनासची २ जनुकं त्याच्यात बसवली आणि ई. कोलाय इथेनॉल देऊ लागला. १९ मार्च १९९१ रोजी त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्याचा क्रमांक होता बरोब्बर ५०,००,०००.

ई. कोलायचा आणखी एक गुण म्हणजे घाई. खाणंपिणं नीट असेल तर दर २० मिनिटांनी एकाचे दोन होतात. रात्री १० वाजता एक सोडा, सकाळी ६ वाजता मोजा, दीड कोटीच्या वर निघतील. निदान कागदावर तरी.

आपल्याच मालाने बेशुद्ध

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला दारूगोळ्यासाठी अ‍ॅसिटोन हवं होतं. खाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने ते क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूकडून पिष्ट आंबवून मिळवलं. धान्याची टंचाई पडली तेव्हा १९१७ मध्ये शाळकरी पोरांना रानात पाठवून हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करायला लावली. हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

अ‍ॅसिटोनच्या जवळजवळ दुप्पट ब्युटेनॉल निघायचं. आज शास्त्रज्ञांचा जीव अडकलाय तो त्यातच. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते, ब्युटेनॉल त्याच्या बरंच पुढे जातं. पण रसात २ टक्क्यांच्या आसपास ब्युटेनॉल साठलं की जिवाणूच लोळागोळा होतो. म्हणजे २ लिटर इंधनासाठी ९८ लिटर पाणी बाजूला काढा! सगळा नफा सरपणात गेला. २००८ मध्ये जेम्स लियाओ यांच्या चमूने ई. कोलायकडून त्याचं भावंड, आयसोब्युटेनॉल, बनवून घेतलं. मालाच्या विषाची कटकट मात्र पुरती सुटलेली नाही. माझ्या मते या सगळ्या धंद्याची दुखती नस हीच.

पानिपत, पण या वेळी जिंकलं

पानिपत म्हटलं की मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो. १० ऑगस्ट २०२२ रोजी तिथे इंडियन ऑइलच्या ज्या इथेनॉल प्रकल्पाचं लोकार्पण झालं, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घ्यायचा आणि दिवसाला १०० किलोलिटर इथेनॉल द्यायचं, अशी त्याची आखणी. प्राजचंच विमान इंधन अगदी थोड्या प्रमाणात मिसळून १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेलं.

त्याच पानिपतात इंडियन ऑइलचा आणखी एक प्रकल्प आहे. रिफायनरीत वाया जाणारा वायू खाऊन जिवाणू तिथे इथेनॉल देतात. तंत्रज्ञान लान्झाटेक कंपनीचं. या कंपनीने ज्याच्यावर नाव कमावलं, तो क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम मुळात सापडला होता सशाच्या लेंड्यांत.

माटुंगा, १८९७

मुंबईतल्या माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस बनवत होते. आज त्याच माटुंग्यात इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे, जुन्या मंडळींची यूडीसीटी. तिथल्या प्रा. अरविंद लाली यांच्या गटाने शेतकचऱ्यापासून इथेनॉलची पद्धत विकसित केली. २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला दिवसाला १० टन कचरा घेणारा तिचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला.

जाता जाता, माटुंग्याच्या त्या गॅसमधला काय किंवा गोबरगॅसमधला काय, मिथेन जिवाणू बनवतच नाहीत. ते काम आर्किया नावाच्या वेगळ्याच जीवांचं. १९७७ मध्ये कार्ल वूस यांनी त्यांचं घराणं निराळं असल्याचं दाखवलं, तोवर ते बिचारे जिवाणूंच्या जातदाखल्यावर जगत होते.

खाचरातला गुलाबी पाहुणा

पाण्याने भरलेल्या भातखाचरातही हेच आर्किया मिथेन सोडतात. पण तिथेच तो खाणारे जिवाणूही राहतात, आणि मिथेन खाताना त्यांची पहिली पायरी असते त्याचं मिथेनॉल करणं. मिथेनॉल म्हणजे पुन्हा इंधनच! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटाने भारतीय भातशेतातून असा एक अगदी नवा जिवाणू शोधला. २०१८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. जिवाणूंच्या मानाने दांडगा देह आणि रंग फिकट गुलाबी. अशा जिवाणूंना मिथेनॉलवरच थांबवायचं, पुढे खाऊ द्यायचं नाही, ही खटपट अनेक ठिकाणी चालू आहे.

वरव्यात काय चालेल?

पेंढ्याचं इथेनॉल इथे जमणार नाही, असं माझं स्पष्ट मत. पंजाब-हरियाणात पेंढा जाळतात, म्हणून पानिपतचं गणित मांडता आलं. भोर-वेल्ह्यात पेंढा जनावरांची वैरण आहे. तो कारखान्याला घातला तर म्हशीपुढे काय टाकणार? निगड्याच्या राजगड कारखान्यामुळे ऊस आणि मळी तालुक्याला ठाऊक आहेत, पण त्यावर हक्क यीस्टचाच.

उरलं धाब्यांचं खरकटं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घरगुती खरकट्यावर चालणारं छोटं गॅससंयंत्र बनवलं, त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. कर्वे यांचा मुद्दा सरळ होता. शेण म्हणजे गाईने आधीच पचवून उरलेला चोथा, त्यात ऊर्जा ती कितीशी राहणार? त्यापेक्षा सूक्ष्मजीवांना पिष्ट आणि साखर असलेलं चारा. त्यांनी एकही जनुक बदललं नाही, फक्त जेवण बदललं, आणि ४० दिवसांचं काम सुमारे एका दिवसावर आणल्याचं सांगितलं. महामार्गावरच्या धाबेवाल्यांनो, रोज रात्री भात, चपात्या आणि रस्सा उकिरड्यावर ओतण्याऐवजी एकदा अशी टाकी बसवून बघा.