गोल्फगाडी आणि शहराचा रस्ता : नियम कोणाचा, जबाबदारी कोणाची?

पुणे शहराच्या पश्चिमेस मुठा नदीच्या काठी वसलेले कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये या ठिकाणी आला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करणारे कर्वे त्या काळी हिंगणे ते पुणे ही वाट पायी तुडवीत असत. आज त्या माळरानाच्या जागी दाट वसाहती, शाळा, महाविद्यालये आणि बाजारपेठा उभ्या आहेत. बस आहे, रिक्षा आहे, दुचाकींची तर गणतीच नाही. तथापि घरापासून बसथांब्यापर्यंतचे किंवा दवाखान्यापर्यंतचे अर्ध्या किलोमीटरचे अंतर वृद्ध, रुग्ण, गर्भवती आणि अपंग व्यक्तींना आजही कठीण वाटते. एवढ्याशा अंतरासाठी रिक्षा मिळणे दुरापास्त, आणि पदपथावरून चालावे तर तो सलग असेलच अशी शाश्वती नाही.

अशा वेळी गोल्फच्या मैदानावर, प्राणिसंग्रहालयात किंवा रेल्वे स्थानकाच्या फलाटावर दिसणारी, विजेच्या घटमालेवर चालणारी छोटी उघडी गाडी वसाहतीच्या रस्त्यावर का फिरू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. ही गाडी धूर सोडत नाही, आवाज करीत नाही आणि तिचा वेगही बेताचा असतो. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर कायद्याच्या तीनचार दारांतून जाते. लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी ती दारे ओळखून घेणे आवश्यक आहे.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम २(२८) मध्ये ‘मोटार वाहन’ या संज्ञेची व्याख्या दिली आहे. रस्त्यावर वापरण्यास योग्य असे यांत्रिक शक्तीने चालणारे प्रत्येक वाहन या व्याख्येत येते. मग ती शक्ती तेलापासून मिळो वा विजेपासून. मात्र रुळांवरील वाहने, तसेच केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेली विशेष प्रकारची वाहने या व्याख्येतून वगळली आहेत. गोल्फच्या मैदानावरील गाडी नोंदणीवाचून फिरते ती या अपवादामुळे. पुण्यात कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात प्रेक्षकांना नेणाऱ्या विद्युत गाड्याही आवाराच्या आतच फिरतात.

येथे गाडीच्या रचनेइतकेच महत्त्व जागेला आहे. अधिनियमाच्या कलम २(३४) नुसार ज्या जागी जाण्याचा जनतेला हक्क आहे, ती जागा ‘सार्वजनिक स्थळ’ होय. मग तो रहदारीचा रस्ता असो वा नसो. ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथील पोलाद कारखान्याच्या आवारातील वाहनांविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद स्पष्ट केला. ज्या बंदिस्त आवारात जनतेला मुक्त प्रवेश नाही, ते सार्वजनिक स्थळ नव्हे, आणि केवळ तेथेच वापरल्या जाणाऱ्या वाहनांवर मोटार वाहन कर लावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

कर्वेनगरच्या दृष्टीने याचा अर्थ असा : एखाद्या शिक्षणसंस्थेने आपल्या भिंतींच्या आत वृद्ध पालकांसाठी अशी गाडी ठेवली, तर तो संस्थेच्या व्यवस्थापनाचा विषय राहील. तीच गाडी फाटक ओलांडून समोरच्या रस्त्यावर आली, की तिला मोटार वाहनाचे सर्व नियम लागू होतील. गृहरचना संस्थेचा अंतर्गत रस्ता सर्वांना खुला असेल, तर ‘हा आमचा खाजगी रस्ता आहे’ एवढे म्हणून भागणार नाही.

रस्त्यावर येण्यासाठी काय लागते?

सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या मोटार वाहनास कलम ३९ नुसार नोंदणी, चालकास कलम ३ नुसार अनुज्ञप्ती आणि कलम १४६ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा अनिवार्य आहे. नोंदणी होण्यापूर्वी त्या नमुन्याच्या वाहनास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. अशी चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एक, ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, कर्वेनगरपासून जवळच वेताळ टेकडीवर आहे. ब्रेक, सुकाणू, दिवे आणि गाडीचा तोल यांची परीक्षा तेथे होते. गोल्फच्या हिरवळीसाठी तयार केलेली गाडी या परीक्षेस बसविण्याच्या हेतूने बनविलेलीच नसते. तिला बहुधा दरवाजे नसतात, पुष्कळदा पट्टे नसतात, आणि बसची किंवा मालमोटारीची धडक सोसण्याची क्षमता तर नसतेच.

विजेवर चालणाऱ्या सर्वच वाहनांना नोंदणी माफ आहे, असा एक गैरसमज आढळतो. वस्तुतः ही सूट पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या हलक्या वाहनांपुरती आहे. गोल्फगाडीची मोटार सामान्यतः काही किलोवॉटची असते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने विद्युत वाहनांना जी माफी दिली ती नोंदणीच्या शुल्काची; नोंदणीची नव्हे. तसेच २०१८ मध्ये प्रवासी व मालवाहू विद्युत वाहनांना परवान्यातून सूट मिळाली. परंतु परवाना आणि नोंदणी या दोन निराळ्या बाबी आहेत.

दुसरा गैरसमज ई-रिक्षाविषयी आहे. दिल्लीत ई-रिक्षा प्रथम कोणत्याही नियमाविना वाढल्या. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या वाहतुकीस बंदी घातली. त्यानंतर त्याच वर्षी केंद्राने नियम केले आणि २०१५ च्या दुरुस्ती अधिनियमाने कलम २अ समाविष्ट झाले. त्यानुसार ई-रिक्षा म्हणजे चार हजार वॉटपर्यंत शक्तीचे, भाड्याने चालणारे, तीन चाकी विशेष वाहन. गोल्फगाडीला चार चाके असतात. म्हणून ई-रिक्षाची व्यवस्था तिला आपोआप लागू होत नाही. वसाहतीसाठी छोटे विद्युत वाहन हवेच असेल, तर गोल्फगाडीचा हट्ट न धरता चाचणी झालेली आणि नोंदणी होऊ शकणारी ई-रिक्षा निवडणे हा अधिक सरळ मार्ग ठरतो.

महानगरपालिकेचे अधिकार

‘आमच्या प्रभागात अशा गाड्यांना परवानगी देणारा ठराव करा,’ अशी मागणी नगरसेवकांकडे होऊ शकते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही असा प्रसंग येऊ शकतो. येथे अधिकारांची विभागणी ध्यानात घ्यावी लागेल. मोटार वाहनांची व्याख्या, बांधणीचे निकष आणि नोंदणीच्या अटी या केंद्रीय कायद्याच्या बाबी आहेत. नोंदणीची अंमलबजावणी प्रादेशिक परिवहन कार्यालय करते. विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वाहनांना मनाई करण्याचा किंवा वेग मर्यादित करण्याचा अधिकार कलम ११२ व ११५ नुसार राज्य शासनाकडे किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे असतो. पोलीस आयुक्तांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली रहदारीच्या नियमनाचे अधिकार आहेत.

महानगरपालिकेकडे रस्ता आहे. तो बांधणे, त्यावर पदपथ आखणे, चढउतारासाठी थांबे देणे, दिवे लावणे आणि अतिक्रमणे दूर करणे ही तिची कामे होत. ज्या वाहनास केंद्रीय कायदा रस्त्यावर येऊ देत नाही, त्यास महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव रस्त्यावर आणू शकत नाही. उलट, नोंदणीकृत वाहनांची सेवा कोणत्या मार्गाने व कोणत्या थांब्यांवरून चालावी, यासाठी स्थानिक संस्थेने परिवहन कार्यालय व पोलीस यांच्याशी विचारविनिमय करून योजना आखणे पूर्णपणे शक्य आहे.

माथेरानचा धडा

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत मोठी कसोटी रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे लागली. केंद्राच्या ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आला. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांचा अपवाद वगळता दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार वाहनांना मज्जाव आहे. परिणामी प्रवाशांना आणि सामानाला वाहण्याचे ओझे घोड्यांवर आणि हातरिक्षा ओढणाऱ्या श्रमिकांवर पडले. लाल मातीच्या चढावरून माणसाने माणसाला ओढून न्यावे, ही स्थिती स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके टिकून राहिली. शाळकरी मुलांना व वृद्धांना मैलोगणती चालावे लागे, ती गोष्ट वेगळीच.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालविण्यास अनुमती दिली. त्यानुसार नगरपरिषदेने ५ डिसेंबर २०२२ पासून तीन महिने सात ई-रिक्षा चालविल्या. पुढे या वाहनांची संख्या २० पर्यंत मर्यादित ठेवण्यात आली आणि ती कोणाला द्यावीत, हा वाद न्यायालयासमोर आला. माथेरानमध्ये परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. ज्यांचा रोजगार नव्या वाहनामुळे जाणार, त्यांनाच ते वाहन मिळावे, ही भूमिका न्यायालयाने २०२४ मध्ये घेतली. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातमधील केवडिया येथे ई-रिक्षा भाड्याने देण्याची जी पद्धती आहे, तिच्या धर्तीवर राज्याने योजना करावी, आणि निधीचा अभाव ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. त्याच निर्णयात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत फरसबंदीस मान्यता मिळाली. अंतर्गत रस्त्यांवर आणि पायवाटांवर मात्र ती करू नये, असे ठरले.

या प्रकरणातून तीन गोष्टी दिसून येतात. छोट्या वाहनाचा प्रश्न हा प्रथम रस्त्याचा प्रश्न असतो. वाहन आणले आणि मार्ग तसाच ठेवला, तर योजना चालत नाही. वाहनांची संख्या, मार्ग आणि थांबे आधीच ठरवावे लागतात. आणि जुन्या व्यवसायावर पोट असणाऱ्यांचा विचार योजनेच्या शेवटी करून चालत नाही. कर्वेनगरमध्ये हातरिक्षा नाहीत. पण थांब्यावर उभे राहणारे रिक्षाचालक आहेत, आणि जवळच्या अंतराची सेवा सुरू करताना त्यांना विश्वासात घेणे तितकेच अगत्याचे आहे.

परदेशातील व्यवस्था

गोल्फगाड्या शहरात सर्रास चालतात, असे उदाहरण म्हणून अमेरिकेचा दाखला दिला जातो. तो पूर्ण समजून घेतला पाहिजे. जॉर्जिया राज्यातील पीचट्री सिटी या गावात अशा गाड्यांसाठी व पादचाऱ्यांसाठी मोटाररस्त्यांपासून वेगळ्या मार्गांचे विस्तीर्ण जाळे आहे, आणि गाडीची नोंद नगर प्रशासनाकडे करावी लागते. फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने गोल्फगाडीस सार्वजनिक रस्त्यावर मुळात मनाई आहे. स्थानिक संस्थेने वाहनांचा वेग, रहदारीचे प्रमाण आणि रस्त्याचे स्वरूप तपासून एखादा रस्ता सुरक्षित ठरविला व तेथे फलक लावले, तरच त्या रस्त्यापुरती सूट मिळते. सूर्यास्तानंतर गाडी चालविण्यास वेगळा निर्णय आणि दिवे लागतात. ताशी २० ते २५ मैल वेगाच्या वाहनांसाठी तर अमेरिकेच्या संघीय शासनाने १९९८ मध्ये स्वतंत्र वर्ग निर्माण केला आणि दिवे, दिशादर्शक, आरसे, समोरची काच व आसनपट्टे बंधनकारक केले.

तेथे राज्याच्या कायद्यानेच गावाला रस्ता निवडण्याचा अधिकार दिला आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणून तेथील परवानगीचे अनुकरण करता येणार नाही. परंतु परवानगीपूर्वी रस्ता तपासण्याची त्यांची शिस्त निश्चितच घेण्यासारखी आहे.

अपघात झाला तर?

नियमांचे खरे मोल अपघाताच्या वेळी कळते. विना नोंदणी गाडीस साधारणतः विमा मिळत नाही, आणि विमा असला तरी तो उपयोगी पडेल याची खात्री नसते. २०१४ मधील नरिंदर सिंग प्रकरणात, वैध नोंदणीवाचून वाहन रस्त्यावर आणणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि मालकाची नुकसानभरपाईची मागणी फेटाळली. सद्हेतूने वसाहतीत गाडी फिरविणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर एखाद्या जखमी वृद्धाच्या उपचारांचा सारा भार पडू शकतो. आणि तो त्यांना पेलला नाही, तर त्या वृद्धाच्या पदरी काहीच पडत नाही.

मुलांच्या हाती अशी गाडी देणे हा आणखी एक धोका. ती खेळण्यासारखी दिसते, म्हणून पालक निष्काळजी राहतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिक्षकांनी ही बाब विद्यार्थ्यांना आणि पालकसभेत आवर्जून सांगावी.

योजना आखण्यापूर्वी

जवळच्या अंतराची विद्युत सेवा सुरू करू पाहणाऱ्या संस्थेने पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी तयार ठेवावीत :

१. प्रस्तावित मार्ग पूर्णपणे बंदिस्त आवारात आहे की जनतेला खुला आहे?
२. निवडलेल्या वाहनाच्या नमुन्यास मान्यताप्राप्त संस्थेचे चाचणी प्रमाणपत्र आहे काय?
३. नोंदणी, विमा आणि चालकाची अनुज्ञप्ती यांची पूर्तता झाली आहे काय?
४. मार्गावर जड वाहनांची वर्दळ, तीव्र उतार किंवा मोठे चौक आहेत काय? असल्यास पर्यायी मार्ग कोणता?
५. थांबे पदपथ न अडविता देता येतील काय?
६. घटमाला भारित करण्याची सुरक्षित जागा आणि देखभालीचा खर्च यांची तरतूद कोण करणार?
७. स्थानिक रिक्षाचालकांशी बोलणे झाले आहे काय?

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन साजरा करून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला. या दोन्ही गोष्टींचा रोख एकच आहे : रस्ता हा प्रथम चालणाऱ्याचा आहे. ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी छोटी गाडी ही सोय ठरावी. पदपथाच्या अभावावरचा उतारा ठरू नये. पदपथ सलग झाले, चौक ओलांडणे सुकर झाले, तर अशा गाडीची गरज ज्यांना खरोखर आहे त्यांच्यापुरतीच राहील, आणि त्यांना ती नियमानुसार, विम्यासह व सुरक्षितपणे पुरविणे स्थानिक संस्थांच्या आवाक्यात येईल.