खोंड खच्ची करणें : त्याचें शास्त्र व घ्यावयाची दक्षता

खोंड औताला जोडावयाचा तर तो आधीं खच्ची करावा लागतो, हें आपण सर्व जाणतों. परंतु वृषण निकामी होतांच जनावराचें सारें शरीर कां पालटतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो वेळीं केला असता, तर प्रस्तुत लेखकाचा एक जातिवंत खिलार खोंड वायां गेला नसता.

वृषणाचीं कामें दोन. बीज तयार करणें हें एक, व एक विशिष्ट रस रक्तांत सोडणें हें दुसरें. १८४९ सालीं जर्मनींतील गॉटिंगेन येथें बर्थोल्ड या शास्त्रज्ञानें हें कोंबड्यांवर प्रयोग करून दाखविलें. दोन्ही वृषण काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटला, बांग व झुंजारपणा लोपला. परंतु ज्यांच्या पोटांत एक वृषण पुनः बसविला, ते कोंबडे पूर्ववत् राहिले. मूळच्या शिरा तुटल्या असतांही हें घडलें, यावरून परिणाम रक्तावाटे होतो हें उघड झालें. पुढें १९३५ सालीं ॲमस्टरडॅम येथें वळूंच्या वृषणांतून हा रस शुद्ध स्वरूपांत वेगळा काढण्यांत आला; त्याचें नांव टेस्टोस्टेरोन.

हा रस थांबला कीं वशिंड व मान कमी भरतात, अंगावर मांसापेक्षां चरबी लवकर धरते व स्वभाव निवळतो. हाडांची गोष्ट मात्र उलट आहे. लांब हाडांच्या टोकांशीं वाढीचा मऊ थर असतो. तो रसाच्या अभावीं उशिरां घट्ट होतो, म्हणून लहानपणीं खच्ची केलेला गोऱ्हा पायांनीं उंच होतो, पण खांद्याला हलका राहतो. ओढकामासाठीं दोन-तीन वर्षांपर्यंत थांबण्याची आपली चाल याच कारणानें पडली असावी. मात्र वय वाढेल तशी वेदना, सूज व रक्तस्राव वाढतो, हेंही विसरूं नये.

माझा खोंड जुन्या रीतीनें दगडावर बडविला गेला. मी कचेरींतील नोकरींत होतों. गांवच्या माहितगारांवर भिस्त ठेवून संमति दिली. सूज आली, पू झाला, किडे पडले. जनावर वांचलें, परंतु एक वृषण अर्धवट शाबूत राहिल्यानें तें गाईंमागें धांवे व औतास स्थिर राहीना. शेवटीं बाजारांत मिळेल त्या किंमतीस द्यावें लागलें. बैल माराच्या वेदनेनें गरीब होत नाहीं, रस थांबल्यानें होतो, हें मला फार उशिरां कळलें.

आज बर्डिझो चिमट्यानें कातडी न फोडतां वृषणाकडे जाणारी नाडी चेंगरतां येते. रक्तपुरवठा तुटून वृषण हळूहळू सुकतो. प्रत्येक बाजूची नाडी निरनिराळी धरावी व दोन्ही चिमटे एका रेषेंत येऊं देऊं नयेत, नाहींतर खालची कातडी मरते. शस्त्रक्रियेनें वृषण काढून टाकल्यास खात्री पूर्ण असते, परंतु जखम राहते. ती स्वच्छ ठेवून माशांपासून जपावी लागते. कोणतीही रीत असो, काम पशुवैद्याकडूनच व भूल देऊन करवावें. नळ्यांत साठलेलें बीज कांहीं आठवडे टिकतें, म्हणून दीड-दोन महिने बैल गाईंत सोडूं नये; चिमटा लावला असल्यास त्या मुदतीनंतर दोन्ही वृषण सुकल्याची खात्री करून घ्यावी.

ज्या मुक्या जिवाच्या खांद्यावर आपलें शेत उभें आहे, त्यास अज्ञानामुळें यातना होऊं नयेत, एवढीच कृषिबंधूंस विनंती.