पावसाला वैरी करू नका!

वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. फटाक्याच्या दारूला पाण्याचे वावडे, पण माणसांचे पाण्यावाचून कसे भागणार? मृग कोरडा गेला की आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा लांबची वाट धरतो. शेजारच्या लातूर शहराला तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

१९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या दुष्काळांनी मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे मुंबई-पुण्याला नेली. कष्टकऱ्याला तिथे जागा मिळाली ती बहुधा नाल्याच्या काठी, सखल भागात. गावी पाण्यावाचून हाल, शहरात पाण्यामुळे हाल!

२६ जुलै २००५ चा दिवस आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या धाराशिव जिल्ह्यात साधारणपणे अख्ख्या वर्षातही एवढा पडत नाही. मिठी नदी वस्त्यांत शिरली, शेकडो माणसे दगावली.

असे का झाले? मुंबईची जुनी पर्जन्यजल गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. समुद्राला भरती आली की तेवढेही पाणी बाहेर जाईना. ही क्षमता दुप्पट करण्याचा आराखडा १९९३ मध्येच तयार झाला होता, पण तो बराच काळ रेंगाळला. प्रलयानंतर महापालिकेने हाजीअली, इर्ला वगैरे ठिकाणी पाणी उपसणारी केंद्रे उभारली. हिंदमाता भागात जमिनीखाली टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळी पाणी त्यांत साठवायचे आणि ओहोटीला सोडायचे, अशी ही सोय आहे.

नाले तुंबले की दोष झोपडीवाल्यांच्या माथी मारला जातो. विमानतळाच्या धावपट्टीसाठी मिठीचे पात्र वळवले गेले, हे मात्र सोयीस्कर विसरले जाते. तरीही आपल्या हातात आहे ते आपण केले पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बाजारात जाताना कापडी पिशवी न्या, कचरा नाल्यात टाकू नका. पावसाळ्याआधी वस्तीतील नाल्याचा गाळ निघाला की नाही, याची महिला मंडळाने, तरुणांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन चौकशी करावी. आणि एक लक्षात ठेवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या पोराला कुणी उतर म्हणाले तर ठाम नकार द्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधाऱ्यांचे धोरण त्यांच्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या पुरांविषयी बोलताना त्यांनी सांगितले, की जादा पाणी हे संकट नव्हे, संपत्ती आहे. माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाचाच त्रास अधिक होतो. म्हणून पाणी समुद्राकडे पळवू नका, साठवा. दामोदर आणि हिराकूड योजनांमागे हाच विचार होता.

हा विचार आपल्या घराच्या पत्र्यालाही लागू पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तीनशे चौरस फुटांचा पत्रा म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर १९ हजार लिटरहून जास्त पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी पंधरा हजार लिटर उरतेच! पन्हाळी लावा, पहिल्या सरीचे पाणी सोडून द्या, पुढचे गाळून टाकीत घ्या. टाकी झाकून ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत. उरलेले विहिरीजवळ खड्डा खणून जमिनीत मुरवा.

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी पाण्यावरचा हक्क बजावला. तो हक्क मार खाऊन मिळवलेला आहे. दारात पडणारा थेंब वाया घालवणे आपल्याला शोभत नाही.