एमएमयू नसलेल्या प्रोसेसरांना लिनक्सचे दार

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या संचालन प्रणालीचा गाभा, १९९१ मध्ये इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरावर जन्माला आला आणि त्या प्रोसेसरातील एका सोयीवर त्याची बरीचशी रचना उभी राहिली. मेमरी मॅनेजमेंट युनिट, संक्षेपाने एमएमयू, ही ती सोय होय. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजे कर्नलच्या परिभाषेतील ‘प्रोसेस’ला, आभासी पत्त्यांचा स्वतंत्र प्रदेश मिळतो, आणि त्यातील पत्त्याचे प्रत्यक्ष रॅममधील पत्त्यात रूपांतर हे युनिट क्षणोक्षणी करत असते, त्यामुळे एका प्रोसेसला दुसरीच्या मेमरीला हात लावता येत नाही. मात्र यंत्रांच्या आणि उपकरणांच्या पोटात बसणाऱ्या स्वस्त, कमी वीज लागणाऱ्या अनेक प्रोसेसरांत हे युनिटच नसते. अशा प्रोसेसरांचा आधार मुख्य कर्नलमध्ये सामावून घ्यावा, या प्रयत्नाचा इतिहास तंत्रज्ञानाइतकाच जबाबदारीच्या वाटणीचाही इतिहास आहे.

त्याची सुरुवात १९९८ मध्ये झाली. जेफ डिऑन आणि केनेथ अल्बानोव्स्की यांनी लिनक्सच्या २.० या आवृत्तीवरून एक वेगळी शाखा काढून ती मोटोरोलाच्या ‘ड्रॅगनबॉल’ या प्रोसेसरावर चालवली. पाम पायलट या हातात मावणाऱ्या संगणकात हाच प्रोसेसर होता. ही शाखा ‘यूसीलिनक्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि पुढे ग्रेग उंगरर यांनी तिला मोटोरोलाच्याच ‘कोल्डफायर’ प्रोसेसरांवर नेले.

एमएमयू नसल्याने नेमके काय अडते, हे ‘फोर्क’ या एकाच आज्ञेवरून स्पष्ट होते. युनिक्सच्या परंपरेत नवी प्रोसेस सुरू करण्याचा मार्ग म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढणे. एमएमयू असलेल्या यंत्रात मूळ आणि प्रत या दोन्ही प्रोसेसना एकच आभासी पत्ते दिसतात, पण त्यांमागची प्रत्यक्ष मेमरी वेगळी ठेवता येते, इतकेच नव्हे तर दोहोंपैकी एकीने काही बदल करेपर्यंत ती प्रत्यक्षात वेगळी करावीही लागत नाही. एमएमयू नसेल तर प्रत रॅममध्ये दुसऱ्याच ठिकाणी बसवावी लागते, आणि तिच्यातील प्रत्येक पॉइंटर, म्हणजे मेमरीतील एखाद्या जागेचा पत्ता साठवणारा चल, मूळ प्रोसेसच्याच जागेकडे बोट दाखवत राहतो. नुसत्या आकड्यांकडे पाहून त्यांतला पत्ता कोणता आणि साधी संख्या कोणती, हे कर्नलला ओळखता येत नसल्याने ते पत्ते दुरुस्त करणेही त्याच्या आवाक्याबाहेरचे ठरते. म्हणून अशा यंत्रांवर ‘व्हीफोर्क’ ही आज्ञा वापरतात. तिच्यात नवी प्रोसेस जनकाचीच, म्हणजे मूळ प्रोसेसचीच, मेमरी वापरते, आणि ती दुसरा प्रोग्रॅम सुरू करेपर्यंत किंवा संपेपर्यंत जनक थांबून राहतो. लहान उपकरणांत सर्रास आढळणाऱ्या ‘बिझीबॉक्स’ या संचातील ‘अ‍ॅश’ हा शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, फोर्कवर अवलंबून असल्याने एमएमयूविना चालत नाही आणि त्याच्या जागी ‘हश’ हा शेल वापरावा लागतो, यावरून या एका उणिवेची झळ किती वरपर्यंत पोहोचते ते दिसते.

स्टॅकची, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या माहितीसाठी राखलेल्या मेमरीची, अडचण याहून अधिक धोक्याची आहे. एरवी स्टॅक गरजेप्रमाणे वाढतो. यूसीलिनक्सच्या ‘फ्लॅट’ नावाच्या सुटसुटीत फाइल-रचनेत मात्र त्याचे माप प्रोग्रॅम बांधतानाच ठरवून द्यावे लागते आणि न सांगितल्यास ते अवघे ४०९६ बाइट धरले जाते. ही मर्यादा ओलांडली गेली तर प्रोग्रॅमला अडवणारे कोणी नसते: शेजारची माहिती निमूटपणे पुसली जाते आणि बिघाड बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी उघड होतो.

तरीही यूसीलिनक्सपुढचा खरा पेच या उणिवांचा नव्हता, कारण त्यांवरचे उपाय हाती आलेले होते. पेच होता वेगळे राहण्याच्या किमतीचा. लिनक्सच्या अंतर्गत रचनेला स्थैर्याची हमी नसते. मुख्य झाडात, म्हणजे सर्वांच्या सामाईक मूळ संहितेत, कोणी एखादे फंक्शन बदलले तर त्या झाडातील त्याचे सारे उपयोग बदलणाराच दुरुस्त करतो, परंतु बाहेर राहिलेल्या संहितेचा भार तिच्या कर्त्यांनाच वाहावा लागतो. कर्नलच्या २.४ या मालिकेसाठीच्या यूसीलिनक्समध्ये मेमरी-व्यवस्थेची स्वतंत्र प्रतच ‘एमएमनोएमएमयू’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली होती, आणि मूळ व्यवस्थेतील प्रत्येक सुधारणा त्या प्रतीत हाताने उतरवावी लागे. अशी जोडप्रत सामाईक झाडात घेणे म्हणजे तोच दुहेरी भार सर्वांच्या माथी मारणे झाले असते.

नोव्हेंबर २००२ मध्ये २.५.४६ या विकास-आवृत्तीत यूसीलिनक्सचा गाभा मुख्य कर्नलमध्ये आला, तो या जोडप्रतीचा हट्ट सोडून. एमएमयू आहे की नाही हा कर्नल बांधतानाचा एक पर्याय झाला, बहुतांश संहिता सामाईक राहिली, आणि जे खरोखरच वेगळे होते तेवढेच निराळ्या फाइलीत गेले. ती ‘नोएमएमयू’ नावाची फाइल आजही मेमरी-व्यवस्थेच्या मुख्य फोल्डरमध्ये आहे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या स्थिर आवृत्तीबरोबर हा आधार सर्वांपर्यंत पोहोचला. फरक लहान करून दाखवणे, हीच या प्रवेशामागची निर्णायक कामगिरी होती. २०११ मध्ये तर मोटोरोलाच्या ६८०००-कुळातील एमएमयू असलेल्या आणि नसलेल्या प्रोसेसरांचे वेगवेगळे फोल्डरही एक करण्यात आले.

प्रवेश मिळाला म्हणजे जागा कायमची झाली, असे मात्र नव्हे. एनईसीच्या व्ही८५० या प्रोसेसराचा आधार २००८ मध्ये काढला गेला. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा ‘ब्लॅकफिन’ २००७ मध्ये आत आला आणि २०१८ मध्ये, इतर सात प्रोसेसर-कुळांबरोबर, ४.१७ या आवृत्तीत बाहेर गेला. हिताची कंपनीच्या एच८/३०० ची कहाणी याहून विलक्षण आहे: ३.१३ या आवृत्तीत तो वगळला गेला, ४.२ मध्ये परतला आणि ५.१९ मध्ये पुन्हा वगळला गेला. चाचणी घेणारा आणि तक्रारींना उत्तर देणारा माणूस उरला नाही की आधाराची संहिता इतरांच्या सुधारणांच्या वाटेत येऊ लागते, आणि ती काढून टाकण्याचा निर्णय कठोर वाटला तरी योग्यच असतो.

उलट दिशेचे उदाहरण म्हणजे रिस्क-फाइव्ह ही मुक्त प्रोसेसर-रचना. तिचा एमएमयूविना वापर करण्याची सोय जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीत झाली आणि त्यानंतर ‘के२१०’ या ८ एमबी रॅमच्या स्वस्त चिपला आधार मिळाला. या चिपमध्ये एमएमयू आहे, पण तो रिस्क-फाइव्हच्या जुन्या मसुद्याप्रमाणे घडवलेला असल्याने लिनक्सला निरुपयोगी ठरतो, आणि म्हणून तिला एमएमयू नाही असेच धरले जाते. २००२ मध्ये आखलेली वाट तयार नसती, तर या चिपसाठी कोणी नवी वाट पाडली असती असे वाटत नाही.

कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीत कोल्डफायर आणि एमएमयूविरहित ६८००० कुळापुढे ग्रेग उंगरर यांचे नाव प्रवेशाला वीस वर्षे उलटून गेल्यावरही होते, आणि त्या प्रोसेसरांचा आधारही तोवर कर्नलमध्ये टिकून होता.