स्वयंपाकघर दुरुस्त करतांना

सुगी आटोपून कापसाचा व मक्याचा पैसा हातीं आला म्हणजे कन्नड तालुक्यांतील शेतकऱ्याचें लक्ष घराकडे वळतें. माळवद उतरवून स्लॅब टाकावा, दर्शनी भिंतीस गिलावा करावा, फाटकावर कमान उभारावी, असे बेत ओसरीवर बसून ठरतात. आणि या सर्वांतून जो पैसा व ज्या फरश्या उरतील त्यांत स्वयंपाकघराचें काम उरकतें. तहसील कचेरींत कारकुनी करीत असतां अतिवृष्टीनें पडलेल्या घरांचे पंचनामे लिहिण्याचें काम आम्हांकडे अनेकदां आलें. घर किती खणांचें, भिंत मातीची कीं दगडाची, गोठा पडला कीं उभा आहे, हें सर्व आम्हीं लिहिलें; चुलीचा धूर कोठून जातो याचा रकाना त्या छापील नमुन्यांत नव्हता, व आम्हांसही तो सुचला नाहीं.

दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं स्वतःची चूक सांगणें बरें. सेवानिवृत्तीच्या अगोदर आम्हीं आमचें जुनें माळवद उतरविलें. त्या माळवदास चुलीच्या वर एक साने होतें. वीतभर तोंडाचा तो झरोका पावसांत झांकावा लागे, आणि त्यांतून कधींकधीं मांजरही खालीं उतरे. स्लॅब पडतांना गवंड्यानें विचारलें, "भोक ठेवायचें का?" आम्ही म्हणालों, "गळेल, नको." गॅस घेतलेला होताच, चूल कायमची गेली अशी आमची समजूत झाली. पण भाकर चुलीवरच फुगते हें मातोश्रींचें मत, आणि सिलिंडर महिना पुरवायचा तर पाण्याचें आधण व डाळ चुलीवरच, हा सौभाग्यवतींचा हिशेब. दोन महिन्यांत चूल परत आली, ती त्याच बंद खोलींत. दुसऱ्या हिंवाळ्यांत मातोश्रींस खोकला जडला. डॉक्टरांनीं प्रथम तंबाखूविषयीं विचारलें, मग चुलीविषयीं. तंबाखूस त्यांनीं जन्मांत हात लावलेला नाहीं.

अशीं घरें आमच्या तालुक्यांत थोडीं नाहींत. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर खेडोपाडीं गॅस पोहोंचला ही गोष्ट खरी व चांगली. परंतु पुष्कळ घरांत गॅस व चूल दोन्ही चालू आहेत. बांधावरच्या पऱ्हाट्या, तुराट्या, दाणे काढलेलीं मक्याचीं कणसें व गोठ्यांतील गोवऱ्या फुकट असतांना सिलिंडर जपून वापरणें स्वाभाविक आहे. म्हणून नवें स्वयंपाकघर आंखतांना 'चूल राहणार' असें धरूनच आंखावें. राहिली नाहीं तर उत्तमच.

धुराचा स्वभाव साधा आहे. तो तापलेला असल्यामुळें वर जातो, व वर वाट न मिळाल्यास थंड होऊन खालीं उतरतो. खिडकी कमरेपासून डोक्यापर्यंत असते; तिच्यांतून हवा आंत येते, परंतु तिच्या चौकटीच्या वर सांचलेला धूर तेथेंच घोटाळतो. यासाठीं स्लॅबच्या लगत खालीं, समोरासमोरच्या दोन भिंतींत, निदान हातभर लांब व वीतभर उंच अशा दोन फटी ठेवाव्या व त्यांस जाळी बसवावी. ओलें जळण जाळल्यास धूर अधिक, म्हणून पऱ्हाट्या पावसाळ्यापूर्वीं छपराखालीं घ्याव्या. या धुरामुळें श्वासनलिकेचे जुनाट विकार, मोतीबिंदू व लहान मुलांस न्यूमोनिया होतो, हें आतां वैद्यकांत मान्य झालेलें आहे. चुलीपाशीं मांडीवर मूल घेऊन बसण्याची आपली रीत या दृष्टीनें फार वाईट.

धुराड्याची चूल ही कांहीं नवी कल्पना नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडींत 'मगन चूल' तयार झाली. आपला मराठवाडा हैदराबाद राज्यांत असतांना तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेंतील एस. पी. राजू यांनीं मातीची बिनधुराची चूल बसविली, व लक्षावधि घरांचीं स्वयंपाकघरें धूरमुक्त कशीं करावीं यावर १९५३ सालीं पुस्तकही लिहिलें. पुढें १९८३ पासून केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला. तो २००२ च्या सुमारास आटोपला. त्या चुलींपैकीं पुष्कळ मोडीत निघाल्या. नळी काजळीनें तुंबली, ती साफ करणारा कोणी नव्हता. तोंड घरच्या भांड्यांच्या मापाचें नव्हतें, म्हणून घरच्या बाईनें तें फोडून मोठें केलें, आणि मग धूर नळींतून जाईना. चूल घालणाऱ्यानें आधीं घरचा तवा व पातेलीं मागून घेतलीं असतीं तर एवढें नुकसान झालें नसतें. धुराडें बसवावयाचें तर नळी निदान चार इंच रुंद असावी, शक्य तों सरळ उभी न्यावी, स्लॅबच्या वर दोन हात काढावी, वर टोपी बसवावी, आणि खालच्या अंगास काजळी काढण्यास तोंड ठेवावें.

स्वयंपाकघर आग्नेयेस असावें असा आग्रह हल्लीं फार दिसतो. आम्ही तो मोडीत नाहीं. आपल्याकडे उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत वारा बहुधा पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा; पूर्वेच्या अंगास चूल असली म्हणजे धूर बाकीच्या घरांत कमी शिरतो. शास्त्र म्हणून पाळा अथवा वारा म्हणून पाळा. मात्र कोपरा साधण्यासाठीं एकमेव खिडकी बुजवूं नये. तसें करणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

गॅसचें याच्या उलट. हा वायु हवेहून जड असतो, म्हणून गळाला तर जमिनीलगत पसरतो व खड्ड्यांत, मोरींत सांचतो. त्यासाठीं जमिनीजवळ भिंतींत बाहेर उघडणारें जाळीचें भोक पाहिजे. वरच्या फटीनें हें काम होत नाहीं. सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याहून उंच असावी, आणि ओट्याखालीं दार लावून तो कोंडूं नये. चूल व सिलिंडर यांमध्यें तर भिंतच असलेली बरी. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी. सिलिंडरच्या गळ्यावरील पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर व वर्ष असतें. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, व याच क्रमानें पुढें. तो काळ उलटून गेला असल्यास सिलिंडर परत द्यावा. ज्यांच्या दावणीस चारपांच जनावरें आहेत त्यांनीं गोबरगॅसचाही विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारें पन्नास किलो शेण व तितकेंच पाणी लागतें, आणि मळी शेतास मिळते. संयंत्र स्वयंपाकघरापासून फार दूर मात्र घालूं नये.

आतां ओट्याविषयीं. आमच्या गवंड्यानें ओटा ३६ इंच उंच घातला, कारण शहरांतील एका व्यापाऱ्याच्या घरीं त्यानें तसाच घातला होता. सौभाग्यवतींच्या खांद्यास वर्षभर कळा येत होत्या. आम्ही वातावर औषध आणीत होतों. ओट्याची उंची ठरविण्यास पुस्तक नको. जी रोज स्वयंपाक करते तिला अनवाणी उभें करावें, हात कोपरांत वांकवावा, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यावें व त्यांतून चारसहा इंच वजा करावे. आमच्या घरीं तें ३२ इंच निघालें. पण भाकरीस एवढी उंचीही चालत नाहीं. पीठ मळतांना तळव्यावर अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून परातीसाठीं ओट्याचा दोन हात भाग आठदहा इंच खालीं घ्यावा. म्हाताऱ्या माणसास बसूनच भाकरी थापण्याची संवय असेल तर वीतभर उंचीचा बैठा ओटा ठेवावा व तेथें चुलीवर धुराडें आणावें. घरांत दोघी जणी असल्यास माप दोघींचें घ्यावें.

पाण्याच्या बाबतींत एकच सांगतों. मोरीचा उतार दर फुटास पाव इंच धरावा, आणि फरशी बसण्यापूर्वीं घागरभर पाणी ओतून पहावें. सांडपाणी गल्लींत न सोडतां केळी, अळू यांच्या आळ्यांत न्यावें. जागा नसल्यास शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी हें गांव अशा खड्ड्यांसाठींच नावाजलें आहे.

फडताळें, देवळ्या, रांजणाची घडवंची ज्याच्या त्याच्या सोयीप्रमाणें करावीं. परंतु माळ्यावर पिठाच्या डब्याशेजारीं कापसाच्या फवारणीच्या बाटल्या ठेवण्याची जी चाल पडली आहे ती दुरुस्तीच्या निमित्तानें बंद करावी. धान्यांत ठेवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर याहून घातक. हवेंतील दमटपणानें त्यांतून विषारी वायु सुटतो, आणि ज्या घरांत माणसें निजतात तेथें त्या वापरणें म्हणजे प्राणाशीं गांठ. औषधांसाठीं गोठ्याबाहेर कुलूपाची वेगळी पेटी करावी.

आम्हीं अखेर गेल्या वैशाखांत स्लॅबखालीं दोन भिंती फोडल्या, ओटा चार इंच उतरविला, त्याचें एक टोंक परातीपुरतें आणखी खालीं घेतलें, व चुलीवर नळी काढली. हीं कामें गिलाव्यापूर्वीं केलीं असतीं तर एका गवंड्याच्या दोन दिवसांत झालीं असतीं. मागाहून आठ दिवस लागले, आणि तेवढे दिवस स्वयंपाक गोठ्यांत झाला. सौभाग्यवतींचा खांदा आतां दुखत नाहीं. मातोश्रींचा खोकला पुरता गेलेला नाहीं, थंडींत उसळतो. नळी दर अमावास्येस साफ करण्याचें काम आम्हांकडे आहे. पहिल्या खेपेस तींतून अर्धी पाटी काजळी निघाली.