जखमेवरचे जेल

मडगाव असो, बेळगाव असो की ग्वाल्हेर, बहुतेक घरांच्या औषधाच्या डब्यात मलमाची एक अर्धवट दाबलेली ट्यूब असते. कधीतरी कुणाला तरी डॉक्टरांनी ती लिहून दिलेली असते. पुढे घरातल्या प्रत्येक खरचटण्याला, उठाणूला तीच लागते. या लेखाचा विषय तसा प्रयोगशाळेतला आहे; पण ते संशोधन मुळात का करावे लागले, हे समजायचे तर आधी या ट्यूबकडे पाहायला हवे.

तिच्यात पुष्कळदा म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक आम्ल असते. दोन्ही प्रतिजैविकेच. ‘वरून लावायचे औषध, पोटात थोडेच जाते’ असे आपण म्हणतो; पण प्रतिकार जंतूला शिकायचा असतो आणि जंतू तर कातडीवरच बसलेला असतो. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून म्युपिरोसिन चिठ्ठीशिवाय मिळू लागले. दहा वर्षांच्या आत त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतू तिथे इतके वाढले की ही मोकळीक मागे घ्यावी लागली. हाच तो जंतू, ज्याच्यासाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आले आणि ज्याने १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये त्यालाही जुमानणे सोडले. रुग्णालयांत ‘एमआरएसए’ म्हणतात तो हा.

आता जखमेकडे येऊ. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: २६.४ टक्के. मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना जाते आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. चप्पल लागून झालेली जखम दिवसेंदिवस कळत नाही. कळली, गोळी सुरू झाली, तरी गोळी रक्तातून जाते आणि रक्तच तिथे पुरेसे पोहोचत नाही. त्यात जुन्या जखमेतले जंतू सुटे राहत नाहीत. स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करून ते त्यात वस्ती करतात. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला लागणारा चिकट थर याच जातीचा. त्या थरातल्या जंतूला मारायला सुट्या जंतूच्या शेकडोपट औषध लागू शकते. गंमत अशी की तो थर म्हणजे एक प्रकारचे जेलच. युक्ती आधी त्यांना सुचली!

जेल म्हणजे नेमके काय, हे समजायला सब्जा पुरे. बडोद्याकडे त्याला तकमरिया म्हणतात. भिजवलेल्या दाण्याभोवती जो पारदर्शक गोळा येतो, तो जवळजवळ सगळा पाणीच असतो, पण ते पाणी वाहत नाही. लांब लांब रेणूंच्या जाळ्यात ते अडकलेले असते. असे पाणी धरणारे जाळे कृत्रिम रीतीने बनवून शरीरासाठी वापरता येईल, हे ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम या झेक रसायनशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये मांडले. डोळ्यांत घालायच्या मऊ लेन्स त्यातूनच आल्या. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. काही उघड्या ठेवल्या, काही प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकून ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने चढली. ‘जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे’ हा आपल्या घरांतला सल्ला इथेच चुकतो. अर्थात ओलसर म्हणजे चिघळलेली नव्हे. पू वाहत असेल तर तो शोषून घेणारे ड्रेसिंग लागते.

पण ओलावा जंतूंनाही मानवतो. म्हणून जेलने ओलावा राखायचा आणि जंतूही आवरायचे. याचा सरळ मार्ग म्हणजे जेलमध्ये जंतुनाशक भरणे. चांदी, पॉलिहेक्झानाइड, आयोडीन अशी जेले आज शल्यचिकित्सक वापरतातही. त्यांतले कॅडेक्सोमर आयोडीन मला विशेष आवडते. स्टार्चपासून केलेले त्याचे बारीक मणी जखमेतला स्राव पितात, फुगतात आणि आयोडीन हळूहळू सोडतात. मात्र थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

दुसरा मार्ग अधिक नवलाचा आहे. त्यात औषध भरायचेच नाही, जेलच मारेकरी करायचे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात जोएल श्नायडर आणि डॅरिन पोचन यांच्या गटाने २००७ मध्ये ‘मॅक्स-१’ नावाच्या जेलचा हा गुण दाखवला. मॅक्स-१ ही वीस अमिनो आम्लांची छोटी माळ. तिच्यात पाण्याला टाळणारे व्हॅलिन आणि धन विद्युतभार असलेले लायसिन आलटून पालटून ओवलेले आहे. साध्या पाण्यात ती सुटी असते. शरीरात असतात तसे क्षार मिळाले की ती केसांच्या आकड्यासारखी दुमडते. व्हॅलिनच्या बाजू पाण्यापासून लपण्यासाठी एकमेकींना चिकटतात, लायसिन बाहेर राहते, आणि तंतूंचे जाळे तयार होते. जंतूच्या आवरणाचा बाहेरचा भाग ऋणभारित असतो. तो या तंतूंकडे ओढला जातो, चिकटतो आणि त्याचे आवरण फाटते. आपल्या पेशींचा बाहेरचा भाग विद्युतदृष्ट्या बराचसा उदासीन असतो, त्यामुळे त्या बचावतात. याच जेलवर ठेवलेल्या माणसाच्या लाल रक्तपेशी शाबूत राहिल्या. पुढे २००९ मध्ये याच गटाने माळेत आर्जिनिन घालून एमआरएसए मारणारे जेल केले. मेंदीच्या कोनासारखे ते सुईतून दाबले की वाहते आणि बाहेर पडताच पुन्हा घट्ट होते. वेड्यावाकड्या जखमेच्या कोपऱ्यात पोहोचायला यापरते सोयीचे काय!

इथे प्रतिजैविकाशी असलेला फरक लक्षात घ्या. प्रतिजैविक बहुधा जंतूच्या एखाद्या प्रथिनाला जाऊन बसते; ते प्रथिन किंचित बदलले की औषध निकामी. आवरण फाडणाऱ्या पदार्थापासून सुटायला मात्र जंतूला आवरणच बदलावे लागते. ते कठीण आहे, अशक्य नाही. कोलिस्टिन हे शेवटचा आधार मानलेले औषधही आवरणावरच हल्ला करते, आणि त्यापासून वाचवणारे, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे ‘एमसीआर-१’ जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदले गेले. डुकरांना खाद्यातून हे औषध वर्षानुवर्षे चारले गेले होते. भारताने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत ते वापरण्यावर २०१९ मध्ये बंदी घातली.

शिवाय काचेच्या बशीतला जंतू वेगळा आणि पायातला वेगळा. जखमेत पू असतो, प्रथिने असतात, मेलेले मांस असते. स्पर्शाने मारणाऱ्या जेलवर मेलेल्या जंतूंचाच थर साचला तर मागून येणाऱ्यांना स्पर्श होणार कसा? म्हणून कुठलेही जेल लावण्याआधी मेलेले मांस काढून जखम स्वच्छ करावीच लागते. मधुमेही पायाच्या बाबतीत रक्तपुरवठा तपासणे, साखर आटोक्यात आणणे आणि त्या पायावरचा भार काढणे हेही आलेच. संसर्ग हाडापर्यंत किंवा रक्तात गेला असेल तर वरून लावलेले काहीच पुरे पडत नाही. तिथे पोटातून किंवा शिरेतूनच औषध द्यावे लागते, आणि ते कोणते हे जखमेतल्या नमुन्याची कल्चर तपासणी सांगते. तो नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेला बरा, आणि तोही जखम धुऊन, आतल्या मांसाचा. वरच्या पुवाचा नव्हे.